मार्शल १९६०ए मधले स्पीकर बदलायचे आहेत: ८ ओहम की १६, दोन की चार, आणि काम कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा: मार्शलचं १९६०ए कॅबिनेट (गिटारसाठीची चार बारा-इंची स्पीकरची पेटी), आत मूळचे चार सेलेस्टियन जी१२टी-७५, वर ५० वॉटचं व्हॉल्व्ह हेड, म्हणजे स्पीकर नसलेला वेगळा ॲम्प. बँडबरोबर वाजवताना गिटार दबून जाते आणि गेन वाढवला की वरचा आवाज चरचरतो. म्हणून चारही स्पीकर काढून सेलेस्टियनचेच व्हिंटेज ३० बसवायचे आहेत. ८ ओहमचे चार स्वस्तात मिळताहेत, ते चालतील का?

८ ओहमचे घेऊ नका, १६ ओहमचेच घ्या. आणि चार घेण्याआधी दोनच घ्या. ही दोन उत्तरं पटली की उरलेलं काम तास-दीड तासाचं आहे. स्पीकर बदलण्याच्या कामात नुकसान होतं ते बहुतेक वेळा खरेदीच्या टप्प्यावरच.

आधी ओहमचं बघू. १९६०ए मध्ये १६ ओहमचे चार स्पीकर असतात. डावीकडचे वरचा-खालचा मिळून एक जोडी, उजवीकडचे मिळून दुसरी. जोडीतले दोन स्पीकर एकमेकांना समांतर जोडलेले, म्हणजे प्रत्येक जोडी ८ ओहमची. मागच्या जॅक प्लेटवर (हेडची वायर जिथे जोडतात ती पट्टी) स्टिरिओ निवडलं की या दोन जोड्या वेगवेगळ्या मिळतात, ८ आणि ८. मोनो निवडून १६ च्या जॅकमध्ये वायर घातली की दोन्ही जोड्या एकसर, म्हणजे सीरीजमध्ये येतात: ८ अधिक ८, एकूण १६. मोनोच्या ४ च्या जॅकमध्ये त्या समांतर येतात: ८ चे निम्मे, ४.

आता याच प्लेटवर ८ ओहमचे स्पीकर लावले तर प्रत्येक जोडी ४ ओहमची होते. १६ लिहिलेल्या जॅकवर ८ ओहम मिळतात, स्टिरिओच्या प्रत्येक बाजूला ४, आणि ४ लिहिलेल्या जॅकवर फक्त २. तुम्ही लक्षात ठेवून नेहमी १६ च्या जॅकमध्ये वायर घालाल आणि हेड ८ वर ठेवाल, तर चालेलही. पण कॅबिनेट एखाद्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या हेडला जोडलं जातं, कधी विकलं जातं, आणि पुढचा माणूस प्लेटवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. व्हॉल्व्ह हेडला अपेक्षेपेक्षा निम्म्या ओहमचा भार मिळाला तर पॉवर व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांच्यावर ताण येतो, तरी बहुतेक हेड तो काही काळ सोसतात. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला मात्र किमान ४ ओहम लिहिलेले असताना २ ओहम दिले तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर खरोखर जळतात. स्वस्त मिळतात म्हणून ही जोखीम घेण्यासारखी नाही. ८ ओहमचे घ्यायचेच असतील तर प्लेटवर नवीन आकडे ठळक लिहून चिकटवा आणि ४ चा जॅक कायमचा बंद करा.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. व्हॉल्व्ह हेड स्पीकरशिवाय चालू करू नका, चाचणीपुरतंही नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, प्राथमिक वेटोळ्यावरचा व्होल्टेज एकदम उसळतो, व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचं आतलं इन्सुलेशन फाटतं. म्हणून काम करताना हेडची वायर काढून ठेवा, आणि मल्टिमीटरवर आकडे बरोबर आल्याशिवाय ती परत जोडू नका.

आता दोनच का? जी१२टी-७५ चा स्वभाव असा की खालचा आवाज भरपूर, वरचा कडक, आणि मधला भाग आत गेलेला. खोलीत एकट्याने वाजवताना हा आवाज मोठा आणि भरलेला वाटतो. बँडमध्ये मात्र खाली बेस आणि किक ड्रम बसलेले असतात, वर झांजा. गिटारला जागा असते ती मधल्या पट्टीत, आणि तिथेच हा स्पीकर कमी बोलतो. व्हिंटेज ३० नेमका तिथे, वरच्या मधल्या पट्टीत, पुढे येतो. म्हणजे तुमचं निदान बरोबर आहे. पण चारही व्हिंटेज ३० बसवले की हाच उठाव काही हेडवर टोचायला लागतो, विशेषतः ज्या हेडचा स्वतःचा आवाज आधीच धारदार आहे त्यांच्यावर. दोन जुने, दोन नवे हे मिश्रण मला चार सारख्यांपेक्षा जास्त पसंत आहे: व्हिंटेज ३० मधली पट्टी देतो, जी१२टी-७५ खालचा भार आणि वरची धार राखतो. पैसे निम्मे लागतात, आणि नाहीच आवडलं तर उरलेले दोन नंतर घेता येतात.

मिश्रण करताना दोन आकडे बघायचे. पहिला संवेदनशीलतेचा. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो हा आकडा. जी१२टी-७५ चा ९७ आहे, व्हिंटेज ३० चा १००. तीन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी जुन्या स्पीकरला दुप्पट वॉट लागतात. त्यामुळे मिश्र कॅबिनेटमध्ये व्हिंटेज ३० पुढे राहतो आणि जुना मागून साथ देतो. तुमच्या तक्रारीवर हाच उपाय आहे, पण हे आधी माहीत हवं. आवाज ‘अर्धा-अर्धा’ होणार नाही. दुसरा आकडा वॉटचा. जी१२टी-७५ ७५ वॉटचा, व्हिंटेज ३० ६० वॉटचा. सगळे स्पीकर सारख्याच ओहमचे असतील तर शक्ती सारखी वाटली जाते, म्हणून कॅबिनेटची मर्यादा काढताना सगळ्यांत कमी आकडा धरून चारने गुणायचं: ६० गुणिले ४, म्हणजे २४०. तुमच्या ५० वॉटच्या हेडला हे भरपूर आहे.

वॉटची चिंता खरी कधी असते? १०० वॉटचं हेड आणि २५ वॉटचे चार ग्रीनबॅक (सेलेस्टियनचाच आणखी एक स्पीकर), अशा जोडीला. कागदावर हिशेब जुळतो, पण १०० वॉट हा स्वच्छ आवाजाचा आकडा असतो. व्हॉल्व्ह हेड पूर्ण फिरवून विकृतीत (डिस्टॉर्शनमध्ये) गेलं की ते त्याहून बरंच जास्त बाहेर टाकतं, आणि ग्रीनबॅकची व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) तापून सुटते. पूर्ण आवाजावर वाजवणाऱ्यांनी हेडच्या आकड्याच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट क्षमतेचं कॅबिनेट ठेवावं. ग्रीनबॅकचा मऊ आवाज हवा पण वॉटही हवेत, तर जी१२एम-६५ क्रीमबॅक ६५ वॉटचा आहे.

वेगवेगळ्या ओहमचे स्पीकर एकाच कॅबिनेटमध्ये कधीही मिसळू नका. समांतर जोडणीत ८ ओहमचा स्पीकर शेजारच्या १६ ओहमच्या दुप्पट शक्ती खातो, एकसर जोडणीत उलटं होतं, आणि ओहमची बेरीज हेडच्या कुठल्याच आकड्याशी जुळत नाही.

वापरलेले स्पीकर घेत असाल तर मल्टिमीटर सोबत न्या. १६ ओहमच्या स्पीकरचा डीसी रोध साधारण १२ ते १४ येतो, ८ ओहमच्याचा ६ ते ७. मीटरवर १६ दिसत नाहीत म्हणून स्पीकर खराब समजू नका. १६ हा आकडा एसी सिग्नलसाठीचा आहे. काहीच रीडिंग नसेल तर कॉइल तुटलेली. नंतर बोटं पसरून कागदी कोन मधल्या टोपीभोवती चारही बाजूंनी सारखा, हलक्या हाताने मागे दाबा आणि सोडा. काही खरखरलं तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे, तो घेऊ नका. एका बाजूने दाबलंत तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून हात सारखा पडू द्या. मागे नाक नेऊन बघा: जळका वास असेल तर कॉइल तापून गेली आहे, आज वाजत असली तरी. मॅग्नेटवरच्या बिल्ल्यावर ‘टी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्यावरून मॉडेल आणि ओहम पडताळता येतात. बिल्ला एक सांगतो आणि मीटर दुसरं, असं झालं तर कोन बदललेला असण्याची शक्यता मोठी.

मापांची अडचण इथे येत नाही. सेलेस्टियनचे बारा इंची गिटार स्पीकर २८३ मिलिमीटरच्या भोकात बसतात आणि बोल्टचं वर्तुळ २९७ मिलिमीटरचं असतं; जुना आणि नवा एकमेकांच्या जागी चपखल बसतात. वजनाचा विचार मात्र करा. व्हिंटेज ३० चा एक नग ४.७ किलोचा, ग्रीनबॅक ३.६ चा. निओडिमियम चुंबकाचा क्रीमबॅक फक्त १.९ किलोचा, म्हणजे चार व्हिंटेज ३० ऐवजी चार निओ घातले तर कॅबिनेट ११ किलोंनी हलकं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सरावाच्या खोलीत कॅबिनेट जिन्याने नेणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

सामान फार लागत नाही. चांगल्या टोकाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, नटाच्या मापाचा बॉक्स पाना, नोज प्लायर, मल्टिमीटर, ९ व्होल्टची बॅटरी, लेबलं लिहायला कागदी टेप, स्क्रूंसाठी दोन वाट्या, आणि जमिनीवर घालायला जाड चादर. सोल्डरिंग आयर्न जवळ ठेवा. वायरीला लग (टोकावर सरकवून बसवायची धातूची क्लिप) असतील तर लागणार नाही, पण एखादा लग ढिला निघाला तर लागेल. बॅटरीवर चालणारा ड्रिल-ड्रायव्हर या कामात वापरू नका. मॅग्नेट पोलादी टोकाला ओढतो, हात क्षणभर सुटला तरी टोक कागदी कोनातून आरपार जातं. हाताच्या स्क्रू ड्रायव्हरनेही हे होऊ शकतं, म्हणून स्पीकरजवळ काम करताना दुसऱ्या हाताचा तळवा कोनावर आडवा धरा.

कॅबिनेट चादरीवर जाळी खाली, पाठ वर अशी आडवी ठेवा. वजन साधारण ३६ किलो, दोघांनी धरा. चाकं काढता येत असतील तर काढून ठेवा. मागच्या फळीच्या कडेचे सगळे स्क्रू काढा आणि मधलाही. चार बारा-इंची स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये बॅफल (स्पीकर बसवलेली पुढची फळी) आणि मागची फळी यांच्यामध्ये एक आधाराचा दांडा असतो, मधला स्क्रू त्यात जातो. तो राहिला तर फळी कडेने सुटते आणि मध्ये अडकते, मग लोक ती उचकटतात आणि फळी फाटते. स्क्रूंच्या लांबीत फरक दिसला तर कुठला कुठे होता ते टेपवर लिहा.

फळी सुटली की लगेच ओढू नका. जॅक प्लेट फळीवरच बसवलेली आहे आणि तिच्या वायरी स्पीकरला जोडलेल्या आहेत. फळी एका कडेने हळूच उचला, आत बघा, आणि मोबाइलने फोटो काढा: एक पूर्ण आतल्या बाजूचा, एक प्रत्येक स्पीकरच्या टोकांचा, एक प्लेटचा. प्रत्येक वायरला टेपचं लेबल लावा, उदाहरणार्थ ‘वर डावा, अधिक’. मागून बघताना डावं-उजवं समोरून बघण्याच्या उलट असतं, म्हणून लेबलं मागूनच्या नजरेने लावा आणि ‘मागून’ असं एका कोपऱ्यात लिहून ठेवा. स्पीकरवर अधिक टोक लाल ठिपक्याने किंवा अधिकच्या चिन्हाने दाखवलेलं असतं. कुठल्या रंगाची वायर तिथे जाते ते आत्ताच नोंदवा, रंगांवर गृहीत धरून चालू नका.

लग काढताना वायर ओढायची नाही. एका हाताने स्पीकरच्या टोकाची पट्टी घट्ट धरा आणि नोज प्लायरने लग थोडा डावी-उजवीकडे हलवत सरळ बाहेर काढा. पट्टी ज्या तुकड्यावर बसवलेली असते तो मोडला किंवा कोनाकडे जाणारी विणलेली तार ताणली तर स्पीकर गेला, आणि तुमचे जुने दोन तर परत वापरायचे आहेत. नव्या स्पीकरच्या पट्टीची रुंदी जुन्यापेक्षा वेगळी असू शकते, साधारण ६.३ आणि ४.८ मिलिमीटर ही मापं भेटतात. लग ढिला बसत असेल तर नोज प्लायरने किंचित दाबून घट्ट करा, आणि तरीही सहज निघत असेल तर नवा लग लावा किंवा सोल्डर करा. ढिला लग कॅबिनेटच्या थरथरीने सुटतो, आणि तो सुटण्याची वेळ कार्यक्रमाच्या मधलीच असते.

आता नट. दोन प्रकार आढळतात: बॅफलमधून बाहेर आलेले बोल्ट आणि त्यावर नट, किंवा बॅफलमध्ये ठोकलेले टी-नट (लाकडात रुतणाऱ्या दात्यांचे नट) आणि मागून घातलेले स्क्रू. समोरासमोरचे नट आलटून पालटून सैल करा, एक पूर्ण काढून मग दुसरा असं नको. कधी बोल्टच बॅफलमध्ये फिरू लागतो. बोल्टाचं बाहेर आलेलं टोक ग्रिप पक्कडने धरून नट फिरवा. आटे थोडे बिघडले तरी तो बोल्ट नंतर बदलता येतो. टी-नट सुटून फिरत असेल तर जाळीचं कापड काढून समोरून तो परत ठोकावा लागतो, दाते बसतात तिथे थोडा इपॉक्सी लावून. इपॉक्सी आट्यांत जाऊ देऊ नका.

नट निघाल्यावर स्पीकर सरळ वर उचलायचा. वर्षानुवर्षं दाबलेली कडेची पट्टी बॅफलला चिकटलेली असते. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याऐवजी रुंद प्लॅस्टिकची पट्टी कडेने फिरवा, स्पीकर सुटतो. काढलेला स्पीकर मॅग्नेटवर उभा, कोन वर करून ठेवा, आणि कोनावर स्वच्छ पुठ्ठा ठेवा. जमिनीवर लोखंडाचा कीस किंवा सोल्डरचे कण असतील तिथे ठेवू नका. चुंबकाच्या फटीत गेलेला कीस बाहेर निघत नाही.

नवे दोन तिरपे बसवा: एक वर डावीकडे, दुसरा खाली उजवीकडे. असं का, तर प्रत्येक उभ्या जोडीत एक जुना, एक नवा येतो. स्टिरिओत वापरलं तरी दोन्ही बाजूंचा आवाज सारखा राहतो, आणि मंचावर माइक लावणाऱ्याला वरच्या दोनमध्येच दोन वेगळे आवाज मिळतात. कोणता स्पीकर कुठे आहे ते जाळीतून ओळखू येत नाही. मागच्या फळीवर लिहून ठेवा, ध्वनिमुद्रणाच्या वेळी उपयोगी पडेल.

बसवताना टोकं कॅबिनेटच्या मध्याकडे वळवा, म्हणजे वायर ताणली जात नाही. पुढची कडेची पट्टी सगळीकडे सलग आहे ना ते बघा. स्पीकर भोकावर सरकवत नेऊ नका, वरून सरळ ठेवा. सगळे नट आधी बोटांनी लावा, मग पान्याने समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. पट्टी दबली आणि नट थांबला की पुरे, तिथून पाव फेरा. जास्त आवळल्याने स्पीकर ‘पक्का’ होत नाही; पत्र्याचा सांगाडा किंचित पिळतो, कॉइल फटीच्या मध्यातून सरकते आणि नवा कोरा स्पीकर खरखरू लागतो. बसवल्यावर कोन पुन्हा एकदा बोटांनी दाबून बघा. आता खरखर आली आणि बसवण्याआधी नव्हती, तर नट सैल करून पुन्हा सारखे आवळा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच जाते.

जुन्या वायरी चांगल्या असतील तर त्याच वापरा. बदलायच्या असतील तर तांब्याची, बारीक तारांची एक किंवा दीड स्क्वेअरची वायर पुरते. महागड्या ‘ऑडिओ’ वायरीने या लांबीत काहीही फरक पडत नाही. वायर कोनाला किंवा सांगाड्याला लागून वाजणार नाही अशी बांधा.

फळी लावण्याआधी मोजणी. हेड ते कॅबिनेटची स्पीकर वायर प्लेटमध्ये घाला आणि मीटरची टोकं वायरच्या मोकळ्या प्लगला लावा. मोनो १६ वर साधारण १३ ओहम यायला हवेत, मोनो ४ वर ३ पेक्षा थोडे जास्त, स्टिरिओच्या प्रत्येक बाजूला साडेसहाच्या आसपास. मोनो १६ वर १९-२० दिसले तर एका जोडीतला एक स्पीकर जोडलेलाच नाही. तसंच वाजवलंत तर त्या जोडीतल्या एकट्या उरलेल्या स्पीकरवर एकूण शक्तीचा दोन तृतीयांश वाटा येतो, आणि तो लवकर जातो. आकडा शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगच्या बाहेर आलेली वायरीची एखादी तार शेजारच्या टोकाला लागलेली असते. मीटर लावलेला असतानाच प्लेटचा मोनो-स्टिरिओ स्विच पाच-सहा वेळा फिरवा. आकडा मध्येच गायब होत असेल तर स्विचचे संपर्क झिजलेत. ते कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतात का बघा, नाहीतर प्लेट बदला. वाजताना हा संपर्क तुटणं म्हणजे व्हॉल्व्ह हेड स्पीकरशिवाय चालण्यासारखंच आहे. हेड चालू असताना तो स्विच कधीच फिरवू नका.

मग दिशा तपासा. ९ व्होल्टच्या बॅटरीचं अधिक टोक प्लगच्या टोकाला आणि उणे टोक प्लगच्या अंगाला, क्षणभरच टेकवा. चारही कोन एकाच वेळी जाळीच्या दिशेने हलले पाहिजेत. मागून बघताना ते तुमच्यापासून दूर जातात. एखादा उलट येत असेल तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मीटर ही चूक दाखवत नाही, कारण रोध तोच येतो. कान दाखवतो, पण चुकीच्या शब्दांत: ‘नवीन स्पीकर पातळ वाटतात, खालचा आवाजच नाही.’ एक कोन पुढे आणि शेजारचा मागे गेला की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. काही जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये लाल टोकाला अधिक दिल्यावर कोन आत जातो, म्हणून वेगवेगळ्या बनावटीचे मिसळताना रंगावर नव्हे, बॅटरीवर विश्वास ठेवा.

सगळं बरोबर आलं की फळी लावा. प्रत्येक स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यांत ‘टक्’ करून खाली बसला की मग सुलटा आवळा. असं केलं नाही तर तो दरवेळी लाकडात नवे आटे पाडतो आणि चार-पाच उघडझापीत भोक निकामी होतं. सैल झालेल्या भोकात फेविकॉल लावलेल्या दोन-तीन काड्या ठोका, वाळल्यावर स्क्रू घट्ट बसतो. फळी सगळीकडून टेकली पाहिजे. बंद कॅबिनेटमध्ये हवा कुठून निसटली तर ठरावीक स्वरांना फुरफुर ऐकू येते.

वायर स्पीकरचीच वापरा. गिटारची शील्ड असलेली वायर दिसायला तशीच असते, पण तिची आतली तार बारीक असल्याने ती तापते, वितळून शॉर्ट होऊ शकते. हेड १६ वर, वायर १६ च्या जॅकमध्ये, प्लेट मोनोवर, हे बघून मग हेड चालू करा.

सुरुवातीला कमी आवाजात जाड तारेपासून एकेक फ्रेट वर जात प्रत्येक स्वर वाजवा. ठरावीक स्वराला काही खडखडलं तर लगेच स्पीकरला दोष देऊ नका. हँडल, जॅकचा नट, कोपऱ्यांचे संरक्षक, जाळीची पट्टी, हे सगळे हाताने दाबून बघा. बहुतेक खडखडाट यांतूनच निघतात. नवे व्हिंटेज ३० पहिल्या काही दिवसांत कडक आणि थोडे कर्कश वाटतात. कोनाची कड आणि कॉइलला मध्यावर धरणारी आतली जाळी सैल व्हायला काही तासांचं वाजवणं लागतं, म्हणून पहिल्या संध्याकाळी निर्णय घेऊ नका. हेडवरचे नॉब जुन्या स्पीकरसाठी लावलेले असतात. मिडल आणि प्रेझेन्स (वरच्या आवाजाची धार ठरवणारा नॉब) आधी कमी करून पुन्हा शोधा. जी१२टी-७५ चा आत गेलेला मधला भाग भरून काढायला मिडल वाढवून ठेवण्याची सवय असते, तीच व्हिंटेज ३० वर टोचते.

गिटार स्पीकर मिळत नाही म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बारा इंची पीए (सभा-कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचा) स्पीकर आणून बसवण्याचा मोह होतो. भोकात तो बसतो, ओहमही जुळवता येतात, आवाज मात्र गिटारचा येत नाही. गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि विकृतीतली किरकिर त्यामुळेच गाळली जाते. त्याचा कोन हलका, कड कागदाचीच, म्हणून जोरात वाजवल्यावर त्याचा स्वतःचा आवाजही थोडा विकृत होतो, आणि तेच आपल्याला हवं असतं. पीएचा वूफर जड कोनाचा, कापडी कडेचा, खाली उतरणारा. त्यावर गिटार जाड आणि झाकलेली वाटते. जळलेला गिटार स्पीकर पीएचा कोन लावून ‘रिकोन’ करून, म्हणजे कोन बदलून मिळतो, त्याचंही हेच. कारागिराचं हात-कसब उत्तम असलं तरी कोन वेगळा म्हणजे स्पीकर वेगळा. मिश्र कॅबिनेटमध्ये तर तो लगेच उघडा पडतो.

कोणी हेच काम कॉम्बो ॲम्पवर (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) करणार असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. एक, मॅग्नेटची जागा. व्हिंटेज ३० चा मॅग्नेट मोठा आहे. तो ट्रान्सफॉर्मरला, व्हॉल्व्हला किंवा रिव्हर्बच्या टाकीला लागतो का ते खरेदीआधी मोजा. दोन, चॅसिस (ॲम्पचे भाग बसवलेला धातूचा सांगाडा) काढावी लागणार असेल तर थांबा. प्लग काढल्यावरही आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त उरलेले असू शकतात. ते सुरक्षितपणे उतरवता येत नसतील तर तेवढा भाग तंत्रज्ञाकडून करून घ्या.

निघालेले दोन जी१२टी-७५ विकू नका, निदान दोन-तीन महिने तरी. नव्या स्पीकरच्या खोक्यात, कोनावर पुठ्ठा ठेवून, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला कागदी कोन ओल धरतो, त्यावर बुरशी येते आणि सांगाडा गंजतो. बुरशी आलीच तर कोरड्या मऊ ब्रशने झटका; ओलं फडकं किंवा हेअर ड्रायर नको. दोन आठवडे वाजवून झाल्यावर मागची फळी एकदा उघडून सगळे नट हाताने तपासा. कडेच्या पट्ट्या दबून नट पाव-अर्धा फेरा सैल झालेले असतात, तेवढेच आवळा.